रेघोट्यांचा कबुलीजबाब

माझ्याकडे अठरा आहेत आणि केमिस्टकडे एकवीस. एवढं सांगितलं की माझ्या आयुष्यातलं सगळं दुःख सांगून होतं.

विसाव्या शतकातली कादंबरी हवी, तिची पहिलीच आवृत्ती हवी आणि आत लेखकाने स्वतःच्या हाताने केलेली सही हवी. या तीन गोष्टी एका पुस्तकात जमल्या तरच ते आमच्या हिशेबी पुस्तक. दुसरी आवृत्ती वाचायला ठीक असते. सही नसलेली पहिली आवृत्ती म्हणजे सगळं जमलेलं आणि ऐन वेळी नवरामुलगा न आलेलं लग्न.

केमिस्ट म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचा मालक. डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून आपली नजर तयार झाली आहे, असं तो सांगतो. आणि मी? मी एकतीस वर्षं बँकेत सह्या तपासतो आहे. चेकवरची सही आणि कार्डावरची नमुना सही शेजारी शेजारी ठेवायची, टक लावून बघायचं आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं, हे माझं काम. चेकवरचं नाव मी वाचतसुद्धा नाही. माणूस कोण हे कळलं की नजर लाचार होते, म्हणून फक्त सही बघायची, ही माझी शिस्त. अशा माणसाकडे अठरा आणि खोकल्याचं औषध विकणाऱ्याकडे एकवीस! सांगा, जगात न्याय कुठे आहे?

एकतीस वर्षांत माझ्या कामात एकदाच एक प्रकार घडला, तो मी सांगणार नाही. बायकोला तो माहीत आहे आणि त्याचा कागद तिने निळ्या फाइलमध्ये जपून ठेवला आहे. मी फार ताठ बोलायला लागलो की ती एवढंच विचारते, “फाइल काढू का?” असो.

तर त्या शनिवारी मी वाचनालयात गेलो होतो ते बायकोचं विणकामाचं पुस्तक बदलून आणायला. मागच्या कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर, पुठ्ठ्याच्या बांधणीतलं एक मरगळलेलं पुस्तक दिसलं. छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका माणसावरची ती कादंबरी. तिचे लेखक आयुष्यात ही एकच कादंबरी लिहून गप्प बसले. कुणी सही मागितली की म्हणायचे, “आत एवढं लिहिलंय, ते पुरत नाही का?” त्यांनी सही केलेली प्रत कुणी पाहिलेली नाही. केमिस्टने सहा वर्षं शोधली आणि शेवटी ‘अशी प्रत अस्तित्वातच नाही’ असं जाहीर करून टाकलं.

पुस्तक उघडलं. पहिली आवृत्ती! पुढच्या कोऱ्या पानावर परतीच्या तारखांची चिठ्ठी चारी बाजूंनी चिकटवलेली होती. आता एकतीस वर्षांची सवय. कुठलाही कागद हातात आला की मी तो उजेडाकडे धरून बघतो. मुलीची प्रगतिपुस्तकंही मी अशीच बघत असे. ते पान मी खिडकीकडे धरलं. चिठ्ठीखाली शाई होती. दोन शब्दांची एक ओळ, मग आणखी एक शब्द: ‘पुस्तक हरवले. क्षमस्व.’ आणि त्याखाली, मोठा वेढा घेऊन शेवटी खाली शेपूट सोडलेली सही.

प्रस्तावनेच्या शेवटी लेखकाची सही छापलेली होती. ती माझी नमुना सही. शेजारी शेजारी ठेवल्या. वेढा जुळला, शेपूट जुळलं, मधला ठिपका जुळला. हो! हो! हो!

उलगडा लख्ख होता. लेखक कधीकाळी याच वाचनालयाचे सभासद असणार. त्यांच्या हातून एखादं पुस्तक हरवलं आणि बदली म्हणून त्यांनी स्वतःची कादंबरी आणून दिली, वर माफीही मागितली. जगाला न दिलेली सही त्यांनी दंड म्हणून दिली आणि त्या वेळच्या कारकुनाने तिच्यावर खळ लावून चिठ्ठी चिकटवली. मला नाचावंसं वाटलं. वाचनालयात शांतता पाळायची असते म्हणून मी एका पायावर थोडासा नाचलो.

पुस्तक माझ्या नावावर घेऊन मी जवळजवळ पळतच घरी आलो.

“अहो, माझं विणकामाचं?” बायकोने विचारलं.

“ते राहू दे. हे बघ, असं उजेडात धर आणि वाच!”

तिने वाचलं. “पुस्तक हरवले. क्षमस्व.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “हरवलंत ना माझं? आणि तोंडाने सांगायचं सोडून हे असं लिहून सांगताय?”

मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, “बरं.” अशा प्रसंगी माणूस ‘बरं’ म्हणू शकतो याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

एव्हाना माझं ठरलं होतं. हे पुस्तक माझ्या फळीवर हवं. आकडा एकोणीसच झाला असता, पण या एका पुस्तकापुढे केमिस्टचे एकवीस म्हणजे रद्दी.

संध्याकाळी मी सहज आल्यासारखा वाचनालयात गेलो. ग्रंथपाल बाईंना नियमावलीतले सगळे नियम तोंडपाठ आहेत. चष्मा साखळीला लावलेला आणि आवाज साखळीशिवायही धाक वाटेल असा.

“बाई, वाचनालयाचं पुस्तक कधी विकत मिळतं का?”

“नियम नऊ. मिळत नाही.”

“आणि समजा, सभासदाकडून हरवलं तर?”

“नियम अकरा. नवी प्रत आणून द्यायची, गहाळ-अर्ज भरायचा. अर्जावर शेजारच्या दोन सभासदांच्या सह्या, की आमच्यासमोर शोध घेतला.” बाईंनी चष्मा वर केला. “का? तुमचं हरवलंय?”

“अजून नाही,” मी म्हणालो आणि अर्ज घेऊन सटकलो.

वाटेतच दुकानातून त्या कादंबरीची नवी कोरी बारावी आवृत्ती घेतली. घरी आल्यावर बायको म्हणाली, “याला हरवणं म्हणत नाहीत. चोरी म्हणतात.”

“अगं, बदली नवं देतोय की!”

“मग बाईंना खरं सांगा आणि मागा.”

“खरं सांगितलं तर त्या ते काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवतील.”

“मग तिथे जाऊन बघत बसा. फुकट आहे.”

संग्रह करणं म्हणजे काय हे बायकांना कळत नाही, असं मी म्हणणार होतो. तेवढ्यात ती म्हणाली, “फाइल काढू का?” म्हणून म्हणालो नाही.

साक्षीदार म्हणून मी खालच्या मजल्यावरचे हेडमास्तर आणि वरच्या मजल्यावरच्या काकू यांना धरलं. दोघंही वाचनालयाचे जुने सभासद. मला वाटलं होतं, दोन मिनिटांत सह्या होतील. पण निवृत्त होऊनही शाळा ज्यांच्यातून निवृत्त झाली नाही, अशा माणसाशी गाठ होती.

“मी एकोणचाळीस वर्षं मुलांच्या हरवलेल्या वस्तू शोधून दिल्यात,” हेडमास्तर म्हणाले. “‘शोध घेतला’ असं लिहायचं तर शोध घेतला पाहिजे. उद्या रविवार आहे. सकाळी नऊला येतो.”

“अरे, मीपण येते,” काकू म्हणाल्या. “हरवलेली वस्तू धान्यात असते बघ. माझी कर्णफुलं दोनदा डाळीत सापडली.”

रविवारी उठलो तेव्हा नऊ वाजायला भरपूर वेळ होता. मला धीर धरवेना. ती सही चिठ्ठीशिवाय, उघड्या डोळ्यांनी बघायची होती. चहाचं आधण ठेवलं होतं, त्याच्या वाफेवर मी ते पान अलगद धरलं. खळ विरघळू लागली. चिठ्ठीचा एक कोपरा सुटला, दुसरा सुटला, आणि निळ्या शाईचा तो वेढा दिसला! इतकी वर्षं उजेड न लागल्यामुळे शाई कालच लिहिल्यासारखी ताजी होती. मी आनंदाने ओरडणार तोच दाराची घंटा वाजली. साडेआठ! हेडमास्तर नेहमीच अर्धा तास आधी येतात, हे मी विसरलो होतो.

समोर तांदळाचा डबा होता. मी पुस्तक त्यात खुपसलं, वर चार मुठी तांदूळ सारखे केले आणि दार उघडलं. हेडमास्तरांच्या हातात फूटपट्टी होती आणि काकूंच्या हातात विजेरी.

पुढचा एक तास माझ्या घराची जी झडती झाली, तशी चोराच्याही घराची होत नसेल. हेडमास्तरांनी खोल्या वाटून दिल्या. गादी उलटली, सोफा पुढे ओढला, कपाटावर फूटपट्टी फिरवली. पुस्तक सोडून सगळं सापडलं. हेडमास्तरांचा दोन वर्षांपूर्वी मागून आणलेला स्क्रू-ड्रायव्हर सापडला.

“मी तीनदा विचारलं होतं तुम्हाला,” ते म्हणाले. “तिन्ही वेळा तुम्ही म्हणालात, परत केला.”

मग काकूंचा झाकणाचा डबा सापडला. मग मुलीचं दुसरीतलं प्रगतिपुस्तक सापडलं, ते मी तेव्हा स्वतःच लपवलं होतं. एकेक वस्तू जेवणाच्या टेबलावर जमा होत होती आणि बायको कोपऱ्यात उभी राहून तांब्याने पाणी पीत होती. काकू स्वयंपाकघरात शिरल्या तेव्हा मी म्हणालो, “काकू, तिथे मी बघितलंय.”

“तू बघितलंस म्हणूनच मी बघते,” त्या म्हणाल्या.

आणि मग आतून आवाज आला, “सापडलं! मी म्हटलं नव्हतं, धान्यात असतं म्हणून!”

मला वाटलं, आता पितळ उघडं पडलं. पण जे झालं ते त्याहून वाईट होतं. कुणालाही माझा संशय आला नाही. दोघं माझ्याकडे फार मायेने बघायला लागली.

“तांदळात पुस्तक ठेवलंत,” हेडमास्तर हळू आवाजात म्हणाले. “होतं असं कधी कधी. रोज सकाळी पाढे म्हणत जा. उलटे.”

“जप गं याला,” काकू बायकोला म्हणाल्या. “गॅसजवळ एकटं जाऊ देऊ नकोस.”

म्हणजे पुस्तक गेलंच, आणि वर डोकंही गेल्याचं जाहीर झालं. पुस्तक ताबडतोब परत केलं पाहिजे असं ठरलं. वाचनालय रविवारी बारापर्यंत उघडं असतं. आमची वरात निघाली. पुस्तक हेडमास्तरांनी स्वतःच्या काखेत धरलं होतं. “तुमच्या हातात नको,” ते म्हणाले. बारावी आवृत्ती माझ्या पिशवीत तशीच होती आणि पहिली माझ्या डोळ्यांदेखत दोन पावलं पुढे चालली होती.

हेडमास्तरांनी पुस्तक बाईंच्या टेबलावर ठेवलं. बाईंनी ते उघडलं. वाफेने सुटत आलेली चिठ्ठी अलगद निसटली आणि तिच्याबरोबर तांदळाचे पाच-सहा दाणे टेबलावर पडले. बाईंनी चष्मा लावला.

“पुस्तक हरवले. क्षमस्व,” त्यांनी मोठ्याने वाचलं. “आणि खाली काहीतरी रेघोट्या मारल्यात.” मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “पुस्तक हरवल्याचं तुम्ही त्याच पुस्तकात लिहून ठेवलंत?”

“ही पुढची पायरी,” हेडमास्तर काकूंच्या कानात म्हणाले.

माझं रक्त उसळलं. रेघोट्या! त्या वेढ्याला रेघोट्या! “बाई,” मी सुरुवात केली, “अहो, ही काही साधीसुधी…”

“नियम चौदा,” बाई म्हणाल्या. “पुस्तकावर लिहून ते खराब केल्यास सभासदाने नवी प्रत द्यायची. खराब प्रत दप्तरातून रद्द होते. ती आम्ही ठेवून घेत नाही. सभासदाने ती आपल्या घरी न्यायची.”

मी एकदम विचारलं, “घरी न्यायची?”

“न्यावीच लागेल. हा कचरा आम्ही कुठे ठेवणार?”

वाचकहो, त्या क्षणी मी कुठे उभा होतो ते लक्षात घ्या. खरं बोललो तर सही काचेच्या कपाटात आणि मी बाहेर. खोटं बोललो तर सही माझ्या घरात, पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोट्या सह्या पकडल्या, त्याने स्वतः पुस्तक खराब केल्याची कबुली द्यायची. एका बाजूला एकतीस वर्षांची अब्रू आणि दुसऱ्या बाजूला तो निळा वेढा. मी साधारण दीड सेकंद विचार केला.

“हो बाई,” मी मान खाली घालून म्हणालो. “मीच लिहिलं.”

“या वयात!” काकू म्हणाल्या.

बाईंनी कबुलीजबाब लिहून काढला. ‘या पानावरील मजकूर व सही मी, सभासद क्रमांक चारशे बारा, याने स्वहस्ते केली आहे.’ तीन प्रती. तिन्हींवर माझ्या सह्या. आनंदाने हात इतका कापत होता की तीन सह्या तीन माणसांनी केल्यासारख्या आल्या. बाईंनी दोन पुन्हा करायला लावल्या. साक्षीदार म्हणून हेडमास्तर आणि काकू यांनी सह्या केल्या, म्हणजे त्यांच्या सह्या शेवटी मिळाल्याच. मी पिशवीतून लगेच बारावी आवृत्ती काढून दिली. ती आधीच कशी तयार होती, असं कुणी विचारलं नाही. वेड्याला कोण विचारतं?

मग बाईंनी कबुलीजबाबाची एक प्रत पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवली आणि त्या कोऱ्या पानावर गोल शिक्का हाणला: ‘रद्द. रेघोट्या. सभासद ४१२.’ शिक्का सहीपासून बोटभर अंतरावर पडला. मी डोळे मिटून घेतले होते ते मग उघडले.

घरी येताना मी तरंगत होतो. वाटेतच केमिस्टच्या दुकानात डोकावून म्हणालो, “दुपारी या. भिंग घेऊन या.”

केमिस्ट आला. मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि ते पान उघडलं. त्याने भिंग लावलं. आधी प्रस्तावनेतली सही बघितली, मग ही. पुन्हा ती, पुन्हा ही. त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने खुर्ची मागितली. अहो, सहा वर्षं मी या क्षणाची वाट बघत होतो! मी बायकोला म्हणालो, “यांना पाणी दे.”

“हीच,” केमिस्ट पुटपुटला. “साहेब, हीच. मानलं तुम्हाला.” आणि मग त्याचं भिंग बोटभर बाजूला सरकलं. त्याने शिक्का वाचला. पुठ्ठा उलटला आणि कबुलीजबाब वाचला, सावकाश, डॉक्टरची चिठ्ठी वाचावी तसा. “साहेब, ही सही तुम्ही केलीय?”

“छे हो! मी केलीय असं फक्त लिहून दिलंय.”

“म्हणजे तिथे खोटं लिहिलंत, का इथे खोटं बोलताय?”

“तिथे!”

“दोन साक्षीदारांसमोर?” त्याने भिंग खिशात ठेवलं. मग त्याची नजर हळूहळू माझ्या फळीकडे वळली. तिथे माझ्या अठरा कादंबऱ्या ओळीने उभ्या होत्या. “एकतीस वर्षं सह्या बघताय. हात बसला असणारच. काय हुबेहूब केलीय! मग त्या बाकीच्या अठरा कधी केल्यात?”

संध्याकाळपर्यंत हे त्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला कळणार होतं. एकोणीस करायला निघालो होतो आणि एका मिनिटात शून्यावर आलो. त्या अठरांतली प्रत्येक मी कुठून कशी मिळवली, कुणाच्या दारात किती वेळ उभा राहिलो, सगळं आठवलं आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मी सांगितलेलं आता कुणी का खरं मानावं? मी खोटारडा असल्याचं माझ्याच सहीने लिहिलेलं होतं.

“थांबा जरा,” बायको म्हणाली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात निळी फाइल होती.

“अगं, नको,” मी म्हणालो.

तिने एक कागद काढून केमिस्टपुढे ठेवला. तो चेक परत केल्याचा बँकेचा मेमो होता. “भाऊ, वाचा हे. माझ्या शिलाई मशीनसाठी यांनी चेक दिला होता. चेक परत आला आणि दुकानदार दारातून मशीन उचलून घेऊन गेला. कारण काय लिहिलंय?”

“‘खातेदाराची सही जुळत नाही,’” केमिस्टने वाचलं.

“आणि खाली तपासनीस म्हणून सही कुणाची आहे?”

केमिस्टने भिंग पुन्हा काढलं. मेमो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. “साहेब… हा चेक तुमचा?”

“हो.”

“सही तुमची?”

“हो.”

“आणि नाकारला कुणी?”

“मीच,” मी म्हणालो. “मी नाव बघत नाही.”

केमिस्ट आधी खांद्यांतून हलला, मग पोटातून, आणि मग टेबलावर डोकं ठेवून इतका हसला की भिंग खाली पडलं. मी खाली बघत उभा होतो. बायको मात्र अजिबात हसली नाही. तिने मेमो उचलला, त्या निळ्या सहीशेजारी ठेवला आणि शांतपणे म्हणाली, “ज्याला स्वतःची सही दोनदा सारखी करता येत नाही, तो दुसऱ्याची काय करणार? आणि ज्याने स्वतःची सही खोटी ठरवून माझं मशीन घालवलं, तो खोटी सही घरात ठेवून घेईल का?”

केमिस्टने डोळे पुसले. मग पुस्तक दोन्ही हातांनी उचलून माझ्या फळीवर, एकोणिसाव्या जागी, स्वतः नेऊन ठेवलं. जाताना दारात थांबून म्हणाला, “माझ्यातली कुठलीही तीन घ्या आणि हे द्या.”

मी नाही म्हणालो. मेमो आता त्याच पुस्तकात, त्याच पानात असतो. बायको बोलली इतकं चांगलं माझ्याबद्दल एकतीस वर्षांत कुणी बोललेलं नव्हतं, आणि दुसऱ्याच दिवशी मी शिलाई मशीन आणलं. रोख देऊन.